भाड्याच्या घरातला गिझर: क्षार कुठे नडतो, बिल कुठे चढतं

कोल्हापुरात थंडी पडायला लागली की गिझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. कळंबा, फुलेवाडी, उचगाव या बाजूंना अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहणाऱ्यांना याचा अनुभव जास्त, कारण बऱ्याच इमारतींच्या टाकीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. मिस्त्री येतो, गिझरचं झाकण उघडतो, कॉइल बाहेर ओढतो. तिच्यावरचा पांढरट पोपडा नखानं खरवडून दाखवतो आणि म्हणतो, “वहिनी, क्षार धरलाय बघा. म्हणून लाईट बिल चढतंय.”

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं बहुतांशी चुकीचं आहे, आणि त्याच्या भरवशावर भाडेकरू नको तिथं खर्च करतो.

आधी क्षाराचं बघू. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत घेऊन येतं. पाणी तापलं की या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. याचं मात्र उलटं आहे, पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. त्यामुळे जिथं पाणी सगळ्यात जास्त तापतं तिथंच, म्हणजे कॉइलवर, ते जाऊन बसतं.

किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आपल्या टाकीत ३०० धरू. चौघांच्या घरात गिझरमधून रोज ३० लिटर पाणी गेलं आणि त्यातला फक्त दहावा भाग क्षार आत राहिला, तरी वर्षाला ३०० ग्रॅमच्या पुढे गाळ जमतो. गिझर उघडल्यावर बादलीत जे पांढरे तुकडे पडतात ते हेच.

आता बिल. इथं बंब आठवा. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ असतो, भोवती पाणी, आणि धूर वरून बाहेर. त्या नळीवर पाण्याच्या बाजूनं क्षार बसला की उष्णता पाण्यात जायला अडते आणि धुराबरोबर निघून जाते. म्हणून जुना, क्षार धरलेला बंब जळण जास्त खातो. विजेच्या गिझरला धुराडंच नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिच्यातून निघालेली उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाणार. कॉइलच्या आतली नायक्रोमची तार तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे २ किलोवॅटची कॉइल क्षार असताना आणि नसताना जवळपास तेवढीच वीज ओढते. पाणी तापायला लागणारे युनिट तेवढेच राहतात.

मग क्षार नडतो कुठं? कॉइलच्या आयुष्यात. २ किलोवॅट उष्णता साधारण २०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून बाहेर पडते असं धरा. क्षार हा उष्णतेचा अगदी मंद वाहक आहे, तांब्याच्या मानानं शेकडो पटींनी कमी. त्याचा एक मिलिमीटरचा थर असेल तर तेवढीच उष्णता पलीकडे ढकलायला कॉइलची नळी आणखी ५० ते १०० अंशांनी तापावी लागते. थराच्या फटींत अडकलेलं पाणी तिथल्या तिथं उकळतं. गिझर खदखदल्यासारखा, कडकडल्यासारखा वाजतो तो यामुळे. अशी नळी एक दिवस तडकते, आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी शिरतं आणि वीज थेट गिझरच्या पाण्यात उतरू शकते. म्हणून घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) आणि धड अर्थिंग आहे का, हे राहायला जातानाच वायरमनकडून तपासून घ्यावं. मला विचाराल तर रंगकामापेक्षा याची चौकशी आधी.

बिल चढतं ते दुसऱ्याच वाटेनं. चार माणसं, प्रत्येकी १६ लिटरची एक बादली, पाणी २५ अंशांवरून ४२ वर न्यायचं, तर रोज सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. महिन्याला ३८ युनिट. यात काटकसर करायची तर अंघोळीचं पाणीच कमी करावं लागेल. पण गिझर दिवसभर चालू ठेवला की टाकीतलं गरम पाणी भिंतीतून उष्णता गमावत राहतं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला ठेवणारा स्विच, ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. १५ लिटरच्या साध्या गिझरमध्ये हा तोटा दिवसाला अर्ध्या-पाऊण युनिटच्या घरात जातो. महिन्याला १५ ते २० युनिट, कुणीही अंघोळ न करता. गिझरवरच्या ताऱ्यांचा अर्थही एवढाच: २४ तासांत नुसतं उभ्यानं किती वीज जाते त्याचं मोजमाप. आणि महावितरणच्या दरांचे टप्पे बघा. १०० युनिटांच्या पुढचा प्रत्येक युनिट वरच्या दरानं लागतो, त्यामुळे वाया गेलेले हे युनिट महागड्या टप्प्यातले असतात.

हा तोटा टाकी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. खोली २५ अंश, थर्मोस्टॅट ७५ वर, तर फरक ५० अंशांचा. थर्मोस्टॅटचा काटा ५० वर आणला तर फरक २५, म्हणजे तोटा थेट निम्मा. अंघोळीला ५० अंशांच्या पाण्यातही थंड पाणी मिसळावंच लागतं. फक्त कोमट पाणी दिवसचे दिवस टाकीत साठवून ठेवू नये, कारण २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढतात. गावाहून परत आल्यावर एकदा ६० च्या वर तापवून टाकी रिकामी करावी. गिझर चालू-बंद केल्यानं वीज जास्त जाते हा समज मनातून काढून टाका. थंड झालेली टाकी उष्णता कमी गमावते, एवढं साधं आहे.

या दोन गोष्टी, बटण आणि काटा, भाडेकरूच्या हातात आहेत. (काटा झाकणाच्या आत असेल तर वायरमनकडून फिरवून घ्यावा.) बाकीच्यांत घोळ असा की गिझर विकत घेतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालकाला पाच तारे घेण्याचं कारण नसतं आणि अकरा महिन्यांचा करार असलेल्याला टाकीच्या आयुष्याची फिकीर नसते. याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो अॅनोड रॉडला. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा आधी गंजतं, म्हणून ती स्वतः झिजून टाकी वाचवते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवायला लोखंड आणि जस्त लावून पाहिलं, ते तत्त्व हेच. कांडी संपून नुसती मधली तार उरली की गंज टाकीला लागतो, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. कांडीला काही शे रुपये, गिझरला काही हजार. घरमालकांशी बोलताना हा हिशेब पुढे ठेवला की सहसा ते नाही म्हणत नाहीत.

बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइल काढून सायट्रिक अॅसिडच्या कोमट द्रावणात बुडवावी. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. फरशीचं अॅसिड टाकीत ओतून घेऊ नका. ते क्षाराबरोबर टाकीचं अस्तरही खातं. थर्मोस्टॅटच्या नळीवरचा थरही काढायला सांगा, नाहीतर त्याला पाणी खरं किती तापलंय ते उशिरा कळतं.

पाणी तापताना गिझरच्या दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून थेंब गळले तर घाबरायचं कारण नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की पेलाभर फुगतं, ते जायला वाट हवी. तिथं बूच मारणं धोक्याचं.

गॅस गिझरचं शास्त्र बंबाच्या बाजूचं: तिथं क्षार आणि काजळी खरोखरच गॅस वाया घालवतात. पण त्याचा पहिला प्रश्न पैशाचा नाही. बंद न्हाणीघरात तो लावलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, ज्याला ना रंग ना वास. असं घर बघायला गेलात तर गिझर बाहेरच्या हवेत हलवून द्यायची अट करारात लिहून घ्या, आणि तो खर्च मालकांचा.