पुनरावर्ती शब्दक्रम (इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतील)

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत त्याच क्रमाने वारंवार येणाऱ्या तीन, चार किंवा अधिक शब्दांच्या साखळ्या. भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधील ‘लाँगमन ग्रामर ऑफ स्पोकन अँड रिटन इंग्लिश’ या ग्रंथापासून त्यांना ‘लेक्सिकल बंडल’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली. म्हणी वा वाक्प्रचारांप्रमाणे त्यांचा अर्थ वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. पुष्कळदा तर त्या व्याकरणदृष्ट्या अपुऱ्याच असतात, उदा., ‘इन द केस ऑफ’.

शब्दक्रम संगणकाने मोजतात. ‘आय डोंट नो व्हॉट टू डू’ या वाक्यात ‘डोंट’ एक शब्द धरल्यास चार शब्दांचे तीन क्रम मिळतात: ‘आय डोंट नो व्हॉट’, ‘डोंट नो व्हॉट टू’ आणि ‘नो व्हॉट टू डू’. यांतला कोणता ‘लेक्सिकल बंडल’ म्हणून टिकतो, हे वारंवारतेवर ठरते. वरील ग्रंथाने चार शब्दांच्या क्रमासाठी दहा लाख शब्दांमागे किमान १० वेळा आणि किमान पाच वेगवेगळ्या संहितांत (स्वतंत्र मजकुरांत), अशी अट घातली. बायबर, कॉनराड व कोर्तेस यांनी २००४ मध्ये ती ४० वर नेली. पाठ्यपुस्तकाला हे प्रमाण जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. पुस्तक ५०,००० शब्दांचे असेल, तर ४० ची अट केवळ दोन वेळा आलेला क्रमही पूर्ण करतो, आणि ते दोन्ही उल्लेख एकाच धड्यातले असू शकतात. म्हणून तो किती धड्यांत विखुरला आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

मोजणीतली खरी अडचण सूचनांची आहे. ‘आन्सर द फॉलोइंग क्वेश्चन्स’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक स्वाध्यायावर छापलेली असते. सूचना वेगळ्या न काढल्यास असे क्रम यादीत वर चढतात आणि उतारे व संवाद यांची भाषा झाकली जाते. सूचनांचीही भाषा विद्यार्थी वाचतोच, त्यामुळे ती टाकून न देता स्वतंत्र मोजावी, हे उत्तम.

संवाद आणि माहितीपर उतारे हेही एकत्र मोजू नयेत. बोलण्यातले क्रम बहुधा क्रियापदाभोवती बांधलेले असतात (‘आय डोंट वॉन्ट टू’), तर शास्त्रीय लेखनातले नामाभोवती आणि शब्दयोगी अव्ययांभोवती (‘द एंड ऑफ द’, ‘ॲज अ रिझल्ट ऑफ’). संवादाच्या धड्यात पहिल्या प्रकारचे क्रम विरळ असतील, तर तो संवाद लेखी इंग्रजीच्या वळणावर गेल्याची शंका घ्यायला जागा आहे.