जंतू जातो, व्रण राहतो

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की बडोद्यातल्या जोडप्यांच्या फाइलीत कधी कधी एक ओळ येते: ‘क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह’. क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू. म्हणून दांडिया बाजारातल्या घरी ती ओळ वाचून दोन प्रश्न उभे राहतात. संसर्ग आत्ता आहे का? आणि तो कुणामुळे आला? त्या ओळीत दोन्हींचं उत्तर नाही. आयजीजी ही अँटिबॉडी जंतू गेल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकते. ती एवढंच सांगते की शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती. त्या वेळी शरीराने काय केलं, ते कळल्याशिवाय या रिपोर्टचा अर्थ लागत नाही.

घरातल्या जुन्या माणसांना ‘खुपरी’ हा डोळ्यांचा रोग आठवत असेल. तो याच जंतूचा, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसचा. याचे ए ते सी प्रकार डोळ्यांत खुपरी करतात, डी ते के जननमार्गात राहतात. १९०७ मध्ये जावा बेटावर हालबर्श्टेटर आणि प्रोवाझेक यांना खुपरीच्या नमुन्यातल्या पेशींमध्ये केंद्रकाशेजारी या जंतूंचे पुंजके दिसले. अंगावर झगा पांघरावा तसे ते दिसत होते, म्हणून झग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं.

झग्याची उपमा अगदी नेमकी आहे. बाहेर फिरणारा याचा दाणा सुमारे ०.३ मायक्रॉनचा असतो. एका मिलिमीटरात असे तीन हजार दाणे ओळीने मावतील. गर्भाशयमुखाच्या किंवा मूत्रनलिकेच्या अस्तरातल्या पेशीला तो चिकटतो, आत शिरतो आणि स्वतःभोवती एक फुगा तयार करतो. आत आलेल्या परक्या वस्तूला पेशी एरवी पाचक रसांच्या पिशवीत ढकलते. हा जंतू आपली प्रथिनं फुग्याच्या आवरणात बसवतो, त्यामुळे ती पिशवी फुग्याला जोडलीच जात नाही. काही तासांत दाणा मोठा होतो, विभागतो आणि ४८ ते ७२ तासांत पेशी फोडून शेकडो नवे दाणे बाहेर पडतात.

पहिली हाक संसर्ग झालेली पेशी स्वतःच देते. तिच्यातले संवेदक जंतूचे अंश ओळखतात आणि ती इंटरल्युकिन-८ सारखी रसायनं सोडते. त्या वासावर न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशी तासांच्या आत धावून येतात. पेशीबाहेरचे दाणे त्या मारतात, पण फुग्यातल्या जंतूपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. उलट त्यांनी ओतलेली विकरं शेजारच्या निरोगी अस्तरालाही भाजतात.

खरं काम टी पेशींचं, त्यातही सीडी-४ गटाचं. उंदरांमधून हा गट काढून टाकला की संसर्ग जात नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. या पेशींचं मुख्य हत्यार म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. माणसाच्या पेशीला ते मिळालं की पेशी एक विकर बनवते आणि स्वतःजवळचा ट्रिप्टोफॅनचा साठा मोडून टाकते. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जंतूला पेशीकडूनच उचलावं लागतं. म्हणजे पेशी स्वतः उपाशी राहून पाहुण्याची उपासमार करते! (उंदराच्या पेशी याच इंटरफेरॉनने जंतूला वेगळ्या मार्गाने मारतात. म्हणून उंदरांवरचा प्रत्येक निष्कर्ष माणसाला लावताना जपावं लागतं.)

उपाशी जंतू मात्र लगेच मरतोच असं नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींत तो फुगून वेडावाकडा होतो, विभागणं थांबवतो आणि तसाच पडून राहतो. इंटरफेरॉन कमी झालं की पुन्हा वाढू लागतो.

खुपरीचे आणि जननमार्गाचे प्रकार इथे वेगळे होतात. जननमार्गातल्या प्रकारांकडे इंडोलपासून ट्रिप्टोफॅन बनवणारं विकर शाबूत आहे, खुपरीच्या प्रकारांनी ते गमावलं आहे. इंडोल मात्र क्लॅमिडियाला स्वतः बनवता येत नाही, ते शेजाऱ्यांकडून मिळवावं लागतं. योनीत लॅक्टोबॅसिलस जंतूंचं राज्य असेल तर तिथे आम्ल भरपूर आणि इंडोल दुर्मीळ. ते राज्य ढासळून बॅक्टेरियल व्हजायनोसिस झाला की इंडोल बनवणारे जंतू येतात आणि क्लॅमिडियाला शिधा मिळतो. योनी आतून धुण्याची सवय म्हणूनच घातक आहे. तिचा या असंतुलनाशी संबंध दिसलेला आहे.

आता व्रणाकडे. खुपरीत पापणीच्या आतल्या बाजूला वारंवार दाह होऊन व्रण पडतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळाला घासतात. जननमार्गातला संसर्ग वर चढला तर बीजवाहिनीत, म्हणजे स्त्रीबीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीतही, तोच प्रकार घडतो. गर्भाशयाजवळ तिची पोकळी जेमतेम एक मिलिमीटर, आणि आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस स्त्रीबीजाला पुढे सरकवायला मदत करतात. दाह रेंगाळला की हे केस झडतात आणि दुरुस्ती म्हणून कोलॅजनचे धागे विणले जातात. नळी पूर्ण बंद झाली तर गर्भधारणा होत नाही. अर्धवट खुली राहिली तर त्याहून वाईट घडू शकतं: फलित बीज वाटेतच अडकून गर्भ नळीत वाढू लागतो. पाळी चुकली आहे, ओटीपोटात एका बाजूला कळ आहे आणि चक्कर येते आहे, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं.

उपचाराशिवायही साधारण वर्षभरात निम्म्या लोकांतून जंतू निघून जातो, पण मिळणारी प्रतिकारशक्ती अर्धवट आणि अल्पकाळाची असते. पुन्हा संसर्ग, पुन्हा दाह, आणि प्रत्येक फेरीला नळीचा धोका वाढतो. लस बनवणाऱ्यांपुढचा पेच हाच आहे: जंतू अडवायचा, पण दाह भडकू द्यायचा नाही. १९६० च्या दशकातल्या खुपरीच्या लसींच्या काही प्रयोगांत पुन्हा संसर्ग झाल्यावर त्रास वाढलेला दिसला होता. ३५ निरोगी स्त्रियांवर झालेल्या नव्या लसीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ती सुरक्षित ठरली आणि अँटिबॉडी तयार झाल्या.

बहुतेक स्त्रियांना आणि बऱ्याच पुरुषांना लक्षणंच नसतात, म्हणून तपासणी नीट होणं फार महत्त्वाचं आहे. आत्ताचा संसर्ग पीसीआर प्रकारच्या, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत सर्वांत खात्रीने कळतो. स्त्रियांसाठी योनीतला स्वॅब उत्तम, पुरुषांसाठी लघवी. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कल्चरच्या सवयीने मधल्या धारेची लघवी देणं. या तपासणीला सुरुवातीचीच धार हवी, २० ते ३० मिली, आणि आधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. जंतू मूत्रनलिकेच्या अस्तरात असतो आणि पहिली धार तो धुऊन आणते.

उपचार सोपा आहे: डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला चट्टा पडू शकतो. गरोदरपणी त्याऐवजी अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, एकदाच. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं आणि सात दिवस संबंध टाळावा. एकट्याच्या उपचाराने जंतू परत येतो. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये सल्ला आणि औषधं मोफत मिळतात. चार आठवड्यांच्या आत पुन्हा पीसीआर करू नये, मेलेल्या जंतूचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो. तीन महिन्यांनी मात्र नक्की करावी.

आणि ती फाइलीतली ओळ? पीसीआर निगेटिव्ह असेल तर नुसत्या आयजीजीसाठी अँटिबायोटिकचे कोर्स घेत राहण्यात अर्थ नाही. व्रण गोळीने विरघळत नाही. नळ्या उघड्या आहेत का ते एचएसजी (नळ्यांत द्रव सोडून काढलेला एक्स-रे) किंवा लॅपरोस्कोपीने (पोटात दुर्बीण घालून) बघावं. आपल्याकडे बीजवाहिनी बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयही अनेकदा असतो, तोही शोधावा. कुणामुळे आला, हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही: लक्षणांविना राहिलेला संसर्ग लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही.