आफ्रिकी स्त्रियांचे श्रम व आर्थिक विकास

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत स्त्रिया शेतात, बाजारात व घरात जे कष्ट करतात, त्यांचा आर्थिक विकासाशी असलेला संबंध तपासणारे अभ्यासक्षेत्र. अर्थशास्त्र, मानवशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांतील अभ्यासकांनी ते घडविले.

त्याला खरी चालना दिली ती डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप (१९१०–९९) यांच्या ‘वूमन्स रोल इन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’ (१९७०) या ग्रंथाने. वस्ती विरळ, शेती फिरती आणि अवजार कुदळ असेल तेथे पुरुष रान तोडून देत. पुढची पेरणी, खुरपणी, कापणी मुख्यतः बायकांकडे असे. नांगराच्या शेतीत मात्र पुरुषांचे काम वाढते, अशी त्यांची मांडणी होती. वसाहतकाळात युरोपीय अधिकाऱ्यांनी शेतकरी म्हणजे पुरुष असे धरून चालून नगदी पिकांचे नवे तंत्र पुरुषांनाच शिकवले. परिणामी स्त्री-पुरुषांच्या उत्पादकतेतील दरी वाढत गेली.

स्पॅनिश-अमेरिकी अर्थतज्ज्ञ लूर्देस बेनेरिया व भारतीय अर्थतज्ज्ञ गीता सेन यांनी १९८१ मध्ये या मांडणीची फेरतपासणी केली. स्त्रिया विकासातून वगळल्या गेल्या एवढे म्हणणे अपुरे आहे. भांडवलसंचयाच्या (भांडवल साठत व वाढत जाण्याच्या) प्रक्रियेत त्या कोणत्या अटींवर ओढल्या जातात आणि घरकाम-बालसंगोपनाचा भार कोण वाहतो हेही पाहिले पाहिजे, असा त्यांचा आक्षेप होता. केनियाच्या संशोधक अचोला पाला यांनी तर संशोधनाचे प्रश्नच आफ्रिकेबाहेर ठरतात, यावर बोट ठेवले. १९७७ मध्ये डाकारला आफ्रिकी स्त्री-संशोधकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली.

या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील गँबिया या देशाचे आहे. तेथील मँडिंका समाजात भात हे बायकांचे पीक. कुटुंबासाठी कसायच्या जमिनीला ‘मारुओ’, तर ज्या जमिनीच्या उत्पन्नावर कसणाऱ्या व्यक्तीचा हक्क तिला ‘कामान्यांगो’ म्हणत. १९८४ च्या सुमारास जाहाली-पाचार येथे पंपाच्या पाण्यावर वर्षाला दोन पिके घेण्याची योजना आली. खाचरे स्त्रियांच्या नावे व्हावीत म्हणून प्रयत्नही झाले. पण कुटुंबप्रमुखांनी ती खाचरे मारुओ ठरवली. काम बाईचे, तेही वाढलेले. भाताचा ताबा पुरुषाचा. भूगोलतज्ज्ञ ज्युडिथ कार्नी यांनी दाखवले, की अनेक स्त्रियांनी फुकट राबायला नकार देऊन मोबदला किंवा पिकात वाटा मागितला. नावावर जमीन असणे आणि हाती पीक येणे या दोन गोष्टींतले अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच नोंदले गेले असेल.

व्यापारी स्त्रियांवरील अभ्यास प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेतील आहे. घानातील कुमासीच्या बाजारावर मानवशास्त्रज्ञ ग्रेशिया क्लार्क यांनी दीर्घ काम केले. महागाईचे खापर फोडले गेले ते याच विक्रेत्या बायकांवर. १९७९ मध्ये अक्रामधील मकोला बाजार लष्करी राजवटीने जमीनदोस्त केला.

आफ्रिकेतील ६० ते ८० टक्के अन्न स्त्रियाच पिकवतात, हे वाक्य अनेक अहवालांतून फिरत राहिले. सहा देशांतील घरोघरच्या पाहण्यांवर आधारलेल्या २०१७ च्या अभ्यासात मात्र पीकश्रमांतील त्यांचा वाटा सरासरी ४० टक्के भरला. नायजरमध्ये तो २४ टक्के, तर मलावी, टांझानिया व युगांडात निम्म्याहून किंचित अधिक होता. चुलीपाशी, पाण्याच्या वाटेवर व मुलांमागे गेलेले तास या आकड्यांत धरलेले नाहीत.

अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ मध्ये बुर्किना फासोतील एकाच घरातील, एकाच वर्षीच्या, एकाच पिकाच्या शेतांची तुलना केली. स्त्रियांच्या तुकड्यांवर उतारा सुमारे ३० टक्के कमी होता, कारण शेणखत जवळपास सगळे पुरुषांच्या शेतात पडत होते आणि मजुरीही तिकडेच अधिक लागत होती. घरातल्या घरात खत व श्रम नीट वाटले असते, तरी एकूण उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढले असते, असा त्यांचा हिशेब आहे.