स्त्रीपार्टी (मूकपट)

नाटकात किंवा मूकपटात स्त्रीची भूमिका करणारा पुरुष नट म्हणजे स्त्रीपार्टी. शब्द नाटक मंडळ्यांच्या बोलीतला, ‘पार्ट करणे’वरून आलेला. मराठी संगीत रंगभूमीवर १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून ही प्रथा मुरली आणि भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व यांना पाहण्यासाठीच लोक तिकीट काढू लागले. सिनेमात मात्र तिला तसे वैभव कधी आलेच नाही. तिथे ती नाइलाजाने धरलेली वाट होती आणि दहा-बारा वर्षांत सुटलीही.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करत होते, पण तारामती मिळेना. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीतही विचारून झाले. नाटकात उभे राहणाऱ्या बाईकडे समाज वाकड्या नजरेने पाहायचा. सिनेमा म्हणजे काय हे तर कोणाला धड सांगताही येत नव्हते. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरला. सडपातळ बांधा, नाजूक हात. खाणावळीत त्याला महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. पुरुषांना मिशी काढायला राजी करणे हाही एक उद्योगच होता, कारण बाप गेल्यावरच मिशी उतरवायची अशी तेव्हाची रीत.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये हा चित्रपट लागला. त्याची जी रिळे आज पाहायला मिळतात, त्यांत तारामती आणि तिच्या सख्यांच्या जलक्रीडेचा प्रसंग आहे. ओल्या साड्या अंगाला चिकटलेल्या, एकमेकींवर पाणी उडवणे चाललेले, आणि त्या सगळ्या ‘सख्या’ पुरुष! रंगमंचावर अंतर, दिव्यांचा उजेड आणि गाणे मदतीला येते. इथे यांतले काहीच नव्हते, आवाजसुद्धा. तरी प्रेक्षकांची तक्रार नव्हती. पडद्यावर माणसे हलतात याचेच नवल इतके होते की साडीत कोण आहे, हे पाहायला कोणाला सवड होती!

पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके रामही झाले आणि सीताही.

खऱ्या स्त्रिया पडद्यावर यायला मात्र फार काळ लागला नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षी, १९१३ मध्ये, फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-एक वर्षांची मुलगी कमला मोहिनी. दोघी फिरत्या नाटक कंपनीतल्या, म्हणजे समाजाने बोटे मोडायची ती आधीच मोडून झालेली. गंमत अशी की मोहिनी हे मुळात विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. ज्या भूमिकेत पुरुषच बाई होतो, नेमकी तीच भूमिका भारतीय चित्रपटसृष्टीच्या या आरंभकाळात मुलीच्या वाट्याला आली. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांनी नाटक-सिनेमा गाजवला, विक्रम गोखले दूरचित्रवाणीवरही घराघरांत पोहोचले.

उलटा प्रकारही फाळक्यांनीच केला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला त्या चिमुरडीचा साधा चेहरा जवळून दिसतो, ती वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. मुलगीच कृष्ण झाली आहे हे लपवायचे तर सोडाच, मुद्दाम दाखवलेले आहे.

१९२० मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांना घेतले. दशक सरत आले तेव्हा सुलोचना (रूबी मायर्स), झुबेदा यांच्यासारख्या नायिकांचा बोलबाला होता. १९३१ मध्ये बोलपट आला आणि उरलीसुरली सोयही संपली. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती पुन्हा पडद्यावर आली. या वेळी ती दुर्गा खोटे यांनी उभी केली, गाण्यासकट. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली मुलगी या भूमिकेत येणे १९१३ मध्ये कल्पनेतही बसले नसते.

रंगभूमीवर ही प्रथा सिनेमापेक्षा चिवट ठरली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, त्याचीही मोठी बातमी झाली. बालगंधर्वांची अडचण वेगळीच होती. प्रभातने त्यांना १९३५ च्या ‘धर्मात्मा’त घेतले ते संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. ज्या माणसाचे नऊवारी नेसणे पाहून घरंदाज बायका आपली तऱ्हा बदलत, त्याला पडद्यावर पुरुष म्हणून पाहायचे प्रेक्षकांना जमले नाही. त्यानंतरच्या ‘साध्वी मीराबाई’त ते मीरा झाले, पण वय पन्नाशीकडे झुकलेले होते आणि चित्रपट चालला नाही.

अण्णा साळुंके तोवर केव्हाच पडद्यामागे गेले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि अनेक मूकपटांचे छायाचित्रण केले.