वृद्धाश्रम (महाराष्ट्र)

वृद्धाश्रम : उतारवयातील माणसांच्या राहण्या-जेवण्याची आणि देखभालीची सोय करणारी जागा. मराठीत हा एकच शब्द फार निरनिराळ्या ठिकाणांना लावला जातो. निराधारांसाठी धर्मादाय संस्थेने चालवलेले मोफत घर, दरमहा शुल्क घेणारे वसतिगृहवजा निवास, अंथरुणाला खिळलेल्यांचे शुश्रूषा केंद्र आणि साठीनंतर हौसेने विकत घेतलेला ज्येष्ठांच्या सोसायटीतला फ्लॅट, या साऱ्यांत साम्य एवढेच की तिथे म्हातारी माणसे राहतात. आई-वडिलांसाठी जागा शोधणाऱ्यांची बरीचशी वणवण या शब्दापायीच होते. हव्या असतात रात्रपाळीच्या नर्स, आणि पाहून येतात बाग आणि देऊळ.

पुण्याच्या नवी पेठेतील ‘निवारा’ ही राज्यातील जुन्या संस्थांपैकी एक. एकोणिसाव्या शतकातले तिचे नाव डेव्हिड ससून यांच्या नावाने चालणारे ‘अनाथ पंगू गृह’ असे होते. त्या नावातच कोणी यायचे ते सांगितले आहे. घरी मुले-सुना असलेल्याने इथे यावे ही कल्पना त्यात बसत नव्हती. राज्य शासनाची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ मधली. पुढे पुण्यात ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांसाठीच बांधलेले गृहप्रकल्प आले आणि निवृत्त मध्यमवर्ग स्वतःहून तिकडे वळू लागला. भाषा मात्र तिथवर पोहोचलेली नाही. स्वतः चेक लिहून राहायला गेलेल्या माणसाबद्दलही नातलग ‘त्यांना वृद्धाश्रमात ठेवलंय’ असेच म्हणतात.

अशा गृहप्रकल्पांसाठी महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये निकष ठरवून दिले. एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दार, न्हाणीघरात धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी, अशा बाबी त्यांत आहेत. जाहिरातीत ‘सीनियर लिव्हिंग’ लिहिलेले असले, तरी टेप घेऊन दार मोजून पाहावे.

कायद्याची बाजू २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियमात आहे. साठी पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक. स्वतःच्या उत्पन्नावर भागत नसेल तर मुलांकडून चरितार्थाची रक्कम मागता येते. मूलबाळ नसल्यास ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकाकडून. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे बोलीभाषेत प्रांतांच्या, न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. मूळ कायद्यात या रकमेची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एका वृद्धाश्रमापासून सुरुवात करण्याची तरतूदही त्यात आहे, परंतु तिचे क्रियापद ‘करू शकेल’ असे आहे, ‘करील’ असे नाही. सगळी मेख तिथेच.

याच कायद्याचे कलम २३ अधिक उपयोगी आणि कमी माहितीतले. सांभाळ करण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट नुसती गृहीत धरून चालत नाही, ती दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात म्हटले. २०२५ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याच्या हेतूकडे पाहून उदार अर्थ लावला. तरीही दस्त करतानाच ती ओळ घालून घेणे सर्वांत स्वस्त पडते.

माहिती एका जागी मिळत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन विनाशुल्क आहे. जिल्ह्याचे समाजकल्याण कार्यालय अनुदानित वृद्धाश्रमांची माहिती देते. पण एखाद्या ठिकाणी संध्याकाळची भाजी कशी असते आणि व्यवस्थापक किती वेळा बदलला, हे कळते ते ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर. असे संघ गावोगाव आहेत आणि ‘फेस्कॉम’ हा त्यांचा राज्यव्यापी महासंघ. घरीच राहायचे ठरल्यास ‘ब्युरो’तून, म्हणजे देखभालीला माणसे पुरवणाऱ्या एजन्सीतून, बारा किंवा चोवीस तासांची बाई मिळते. शहरांतली कितीतरी म्हातारपणे या मावशींच्या भरवशावर चालली आहेत, आणि मावशी गावी गेली की घर कोलमडते.

प्रवेशासाठी फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो : ‘स्वतःचं स्वतः करतात ना?’ अंघोळ, शौच, जेवण आणि पलंगावरून उठणे, एवढे या ‘स्वतःचं’मध्ये येते. उत्तर ‘हो’ असेल तर खोली मिळते, मात्र खरा प्रश्न पुढचा असतो : उद्या जमेनासे झाले तर? कित्येक ठिकाणी अशा वेळी घरच्यांनी परत न्यावे किंवा वेगळी अटेंडंट ठेवावी अशी अट असते. स्मृतिभ्रंश झालेली माणसे फाटकाबाहेर निघून जातात, म्हणून त्यांना घेणारी ठिकाणे त्याहून कमी. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणून रात्री किती माणसे कामावर असतात हे आधी विचारावे, आणि न कळवता एकदा दुपारी जाऊन यावे. खोल्यांना येणारा वास माहितीपत्रकात नसतो.

मग अर्ज पुढे येतो. त्यात अनामत, औषधांची यादी, डॉक्टरांचा दाखला, आणि खाली बहुधा एक रकाना : रुग्णालयात नेण्याची वेळ आली, किंवा निधन झाले, तर कोणाला कळवायचे? मुले अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असली की त्यांचे नंबर लिहिले जातात. फॉर्म घेणारी व्यक्ती ते वाचते आणि पेन परत देते : ‘अर्ध्या तासात इथे पोहोचेल असं कोणी सांगा.’ मग बहुतेक वेळा जुन्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्याचे नाव लिहिले जाते, आणि तो शेजारीही सत्तरीचा असतो.