सुट्ट्या पैशांची चणचण

सुट्ट्या पैशांची चणचण : किरकोळ व्यवहारात देणाऱ्याकडे नेमकी रक्कम नसणे, घेणाऱ्याकडे मोड नसणे, किंवा दोघांकडेही असून ती सोडायची कोणाचीच तयारी नसणे, यांतून रोज उद्भवणारी अडचण. सुट्ट्या नाण्यांना मोड, खुर्दा, चिल्लर असे म्हणतात; न मोडलेला रुपया तो बंदा. बसचे तिकीट, रिक्षाचे भाडे, भाजी, औषधे, झेरॉक्स अशा ठिकाणी हा प्रश्न ठरलेला असतो. नुकसान बहुधा एक ते पाच रुपयांचे. त्यापायी जाणारा वेळ आणि होणारी हमरीतुमरी मात्र रकमेच्या मानाने फारच मोठी असते.

नाणी मुळात कमी असणे आणि नाणी असूनही ती हातोहात न फिरणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुन्या लेखनात त्यांची सरमिसळ आढळते.

*पूर्वपीठिका* : लहान मोलाच्या चलनाची अडचण महाराष्ट्रात बरीच जुनी असावी. मालदीवमधून येणाऱ्या कवड्या हे देशाच्या अनेक भागांत सर्वांत हलके चलन होते. त्यांच्या वर तांब्याची नाणी येत. शिवाजी महाराजांनी पाडलेली तांब्याची शिवराई हे मराठी मुलखातील रोजच्या बाजारहाटाचे नाणे. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. ती केव्हा सुरू झाली याबाबत एकमत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकापासून, हा रूढ पक्ष. त्याआधीच काही वर्षे ती पाडली जात असावी, असाही तर्क केला जातो. परंतु ‘छत्रपति’ हे बिरुद नाण्यावरच असल्याने पहिला पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाद दुदांडी शिवराईचा आहे. या प्रकारात अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात. आज संग्राहकांकडे आणि जुन्या बाजारात दिसणाऱ्या शिवरायांपैकी बऱ्याच या प्रकारच्या असतात. त्या शिवकालीन म्हणून विकल्या जातात, पण बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर पेशवाईत ठेवतात आणि ते योग्य वाटते. त्यांचा घाट ओबडधोबड आहे, वजने सारखी नाहीत आणि अक्षरे पुष्कळदा नाण्याच्या कडेबाहेर गेलेली आहेत. अनेक ठिकाणच्या, बहुधा मक्त्याने चालणाऱ्या टांकसाळींकडे ही लक्षणे बोट दाखवतात. पेशव्यांच्या काळी सोनार व सावकार यांना टांकसाळीच्या सनदा दिल्या जात. खासगी टांकसाळवाल्याला रुपया पाडण्यात जो नफा सुटे, तो तांब्याच्या खुर्द्यात सुटत नसणार. त्यामुळे खुर्दा पुरेसा पडत नसावा, हे अनुमान स्वाभाविक आहे. पण एकाच छापाच्या शिवराया इतक्या विपुल का सापडतात, याचा उलगडा त्याने होत नाही. तांबे स्वस्त असताना नाणी भरपूर पाडायची व महागले की थांबायचे, अशी लाटेलाटेने निर्मिती झाली असावी, हा मधला मार्ग अधिक पटतो.

रुपयाला किती शिवराया हा भाव पक्का नसे. गावागणिक व हंगामागणिक तो बदले. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी असे रुपयेही अनेक. मोड हवी तर सराफाकडे जावे लागे आणि तो बट्टा, म्हणजे मोड देण्याचा मोबदला, कापून घेई. मोड ही त्या काळी विकत घ्यायची वस्तू होती. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने रुपया एकरूप केला. एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै हे कोष्टक पुढे सव्वाशे वर्षे मुलांनी पाठ केले. तरीही दख्खनच्या बाजारात शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत राहिली. त्यामागे जुन्या नाण्यावरील लोभ होता, तसा नव्या खुर्द्याचा अपुरा पुरवठाही असावा.

*महायुद्धांचा काळ* : पहिल्या महायुद्धात चांदी महागली तेव्हा सरकारने १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली. पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची, नोटही आली. ती फार काळ टिकली नाही. चांदीच्या चवली, पावली व अधेली (दोन, चार व आठ आणे) यांऐवजी १९१८-१९ मध्ये तांबे-निकेलची नाणी आली. दुसऱ्या महायुद्धात प्रसंग अधिक बिकट झाला. लोक चांदीचे रुपये दडवू लागले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, एक रुपयाची नोट परत आली आणि गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरले. १९४३ पासून पडलेला मध्ये भोक असलेला तांब्याचा पैसा ही धातू वाचवण्याची युक्ती होती. वृद्ध मंडळी ‘भोकाचा पैसा’ म्हणून सांगत तो हाच. काठियावाडातील मोरवी, नवानगर, जुनागढ यांसारख्या संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कूपने छापून मोडीची गरज भागवली. बिकानेरनेही तोच मार्ग धरला. ही कूपने आज दुर्मीळ असून त्यांच्या नकलाही बाजारात आहेत.

*दशमान पद्धती आणि पूर्णांकाचा तंटा* : १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ रोजी गळाला. या बदलाच्या वेळी झालेली कुरकुर थोडी तपशिलात पाहण्याजोगी आहे, कारण या चणचणीचे मूळ गणित तीत उघडे पडते. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकात १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ नवे पैसे धरले. जुन्या एका पैशाचे दीडहून किंचित जास्त होतात. ते २ धरले, दोन पैशांचे ३, तीन पैशांचे ५. म्हणजे पैशापैशाच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर ८ नवे पैसे पडत. एकदम आण्याच्या घेतल्या तर ६. गिऱ्हाईक एकदम हिशेब करा म्हणे, दुकानदार वस्तूगणिक धरी. तीन आण्यांच्या तिकिटाला एकोणीस की अठरा, यावर पुन्हा वेगळा घोळ. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालल्याने गल्ल्यात दोन कोष्टकांची मोड असे. लबाडीला वाव होता हे खरे. पण बराचसा तंटा निव्वळ पूर्णांकाचा होता.

पुढे ३ पैशांचे (१९६४) व २० पैशांचे (१९६८) नाणे आले. दोन्ही आता स्मरणातही अंधुक आहेत. १९७० च्या दशकापासून सर्वांत लहान ॲल्युमिनियमची नाणी हळूहळू मागे पडली. १९८८ पासून स्टेनलेस स्टील आले. देशातील टांकसाळी अपुऱ्या पडल्याने १९८५ च्या सुमारास आणि पुन्हा १९९७ नंतर काही वर्षे परदेशांतून नाणी पाडून आणली गेली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली ‘एच’ अक्षर आढळल्यास तो बर्मिंगहॅमचा समजावा.

*कारणे* : याबाबत ढोबळमानाने दोन पक्ष आहेत. पहिला पुरवठ्याकडे बोट दाखवतो : लहान नाणे पाडण्याचा खर्च त्याच्या दर्शनी मूल्याला गाठतो किंवा ओलांडतो, त्यामुळे टांकसाळीला उत्साह नसतो, आणि धातू महागला की नाणे वितळवणे किफायतशीर ठरते. माहितीच्या अधिकारातील एका उत्तरानुसार २०१८ मध्ये १ रुपयाच्या नाण्याचा खर्च १.११ रुपये होता, तर १० रुपयांच्या नाण्याचा ५.५४ रुपये. पूर्व भारतातून नाणी बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जातात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास आल्या होत्या. आसामातील काही चहामळ्यांत तेव्हा पुठ्ठ्याचे तुकडे नाण्यांच्या जागी वापरल्याचेही वृत्त होते. युरोपच्या इतिहासात हा प्रश्न शतकानुशतके छळत राहिला. त्यावरचा उपाय इटालियन अर्थेतिहासकार कार्लो चिपोला यांनी सूत्ररूपाने मांडला : नाण्यात धातू कमी घालावा, संख्या मर्यादित ठेवावी आणि मोठ्या चलनात बदलून देण्याची हमी द्यावी. ब्रिटनने १८१६ मध्ये साधारण हीच वाट धरली.

दुसरा पक्ष चलनवलनाकडे पाहतो. नाणी एका दिशेने वाहतात आणि काही ठिकाणी साचतात : देवळांच्या दानपेट्या, मुलांचे गल्ले, टपऱ्यांचे डबे, घरातल्या फुटक्या बरण्या. लग्नसराईत अकरा, एकवीस, एकशे एक असा आहेर द्यायचा म्हणून रुपयाची नाणी पाकिटांवर चिकटतात. ती कपाटात पडून राहतात. शिर्डीच्या साईबाबा संस्थानातील नाणी ठेवायला बँकांना जागा पुरेना, अशा बातम्या २०२३ मध्ये आल्या. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने क्यूआर कोडवर नाणी देणारी यंत्रे १२ शहरांत प्रायोगिक तत्त्वावर बसवण्याचे जाहीर केले. म्हणजे एका टोकाला ढीग आणि दुसऱ्या टोकाला खडखडाट. निदान गेल्या दोन दशकांपुरता तरी दुसरा पक्ष वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. त्यातही एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही : ज्याच्याकडे मोड आहे तो ती राखून ठेवतो, कारण पुढच्या ठिकाणी आपल्यावर हीच वेळ येणार हे त्याला ठाऊक असते. ‘नाहीत हो सुट्टे’ हे उत्तर खोटे असले तरी अविचाराचे नसते.

*भाड्यांचे आकडे* : चणचण कोठे भडकेल हे बरेचसे दराच्या आकड्यावर ठरते. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २०२१ मध्ये २१, २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले. टॅक्सीचे अनुक्रमे २५, २८ आणि ३१. टॅक्सीवाल्यापुढे पन्नासची नोट धरली की त्याला एकोणीस परत करायचे असतात. ‘एक सुट्टा द्या, वीस देतो’ ही तडजोड अशा वेळी दोघांनाही सोडवते. रुपया नसेल तर मात्र एक जण हरतो. बेस्टने २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ व वातानुकूलित बसचे ६ रुपये केले. पाच सोपे होते. सहा म्हणजे दहाच्या नोटेवर चार परत, म्हणजे दोनची दोन नाणी, आणि वाहकाच्या पिशवीत ती सकाळी दहापर्यंत संपलेली. मे २०२५ पासून हे दर १० व १२ आहेत.

राज्य परिवहन महामंडळाने २०१८ च्या भाडेवाढीत भाडी पाचच्या पटीत आणली, ती मुख्यतः हा वाद टाळण्यासाठी. जानेवारी २०२५ मधील वाढीनंतर ती पुन्हा एकेक रुपयाच्या हिशेबात आली आणि वाहक-प्रवासी खटके परतले. एसटीतील जुना रिवाज असा : मोड नसली तर वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम पेनाने लिहून देतो, वर एखादा फराटा मारतो, आणि उतरताना ‘मागून घ्या’ असे बजावतो. प्रवासी विसरला तर पैसे गेले. वाहकाकडे तोवर चिल्लर आली नसेल तर दोन अनोळखी प्रवाशांना मिळून एक नोट दिली जाते व ‘खाली उतरून वाटून घ्या’ असे सांगितले जाते. या रिवाजाला नियमाचा आधार कितपत आहे हा भाग वेगळा. तो सर्वमान्य आहे.

दुकानांत मोडीऐवजी गोळी, चॉकलेट किंवा काडेपेटी देण्याची चाल सर्वपरिचित आहे. तीच गोळी उलट पैशाऐवजी दुकानदार घेत नाही, ही तक्रारही तितकीच जुनी.

*कायदा व नाण्यांवरील अविश्वास* : नाणी केंद्र सरकार पाडते, रिझर्व्ह बँक ती वितरित करते. २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, तर ५० पैशांचे नाणे १० रुपयांपर्यंत वैध चलन आहे. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आठ आणे कायद्याने जिवंत आहेत. बाजारात त्यांना कोणी विचारत नाही.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याची कथा याच्या उलट आहे. ते उपलब्ध असूनही अनेक ठिकाणी नाकारले गेले. कडेच्या पट्ट्या दहा असल्या तर खरे आणि पंधरा असल्या तर खोटे, ही अफवा विशेष पसरली. वास्तविक रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये ठरल्यानंतर नक्षी बदलली, इतकेच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सर्व १४ नमुने वैध असल्याचा खुलासा केला. अफवेचा उगम निश्चित सांगता येत नाही. नमुन्यांची ही बहुलताच तिला पोषक ठरली असावी.

*नोटबंदीनंतर* : ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० च्या नोटा रद्द होऊन २,००० ची नोट हाती आली, तेव्हा मोडीचा प्रश्न नाण्यांवरून शंभराच्या नोटांवर चढला. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआयने पुढे शहरांत तो बराच सौम्य केला. भाजीवालीच्या पाटीवरही क्यूआर कोड आला. तथापि मोबाइलला रेंज नसलेले घाटरस्ते, आठवडी बाजार आणि वृद्ध गिऱ्हाईक यांच्या बाबतीत जुनी स्थिती कायम आहे.

*अन्य देश* : अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, नाणी अदृश्य झाल्यावर टपाल तिकिटे अभ्रकाच्या झाकणाच्या पितळी डबीत घालून चलन म्हणून वापरली गेली. इटलीत १९७५ च्या अखेरीपासून सुमारे तीन वर्षे बँकांनी छोट्या रकमांचे धनादेश छापले; टेलिफोनची टोकने व गोळ्याही चालत. ब्वेनोस आइरेसमध्ये २००८ च्या सुमारास बसची यंत्रे फक्त नाणी घेत असल्याने नाण्यांचा काळाबाजार झाला. त्यानंतर तेथे बससाठी कार्ड आले.