येळवशीच्या रानात भूक का वाढते?

मार्गशीर्ष अमावस्येच्या दुपारी लातूरच्या बाजारपेठेत फिरलं तर शटरं खाली दिसतात आणि रस्ते ओस. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी स्थानिक सुटी असते. वेळा अमावस्या, म्हणजे आमची येळवस. सगळं गाव रानात असतं. ज्वारी पोटरीत आलेली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले, तुरीच्या शेंगा भरलेल्या. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की शिवारात आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक यांचं आंबट पेय, शिंपडायची आणि घोंगड्या अंथरून पंगत बसवायची. ज्याला स्वतःचं रान नाही त्याला कुणी ना कुणी बोलावलेलंच असतं. शहरातले शेजारी, कचेरीतले सहकारी, मुलांचे शिक्षक, लेकी-जावई, सगळे.

पानात भज्जी (तळलेली भजी नव्हे, दाट मिसळभाजी), आंबील, ज्वारी-बाजरीचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, भाकरी, धपाटे, कोंदीच्या पोळ्या, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. एरवी दीड भाकरीत हात धुणारा माणूस या दिवशी त्याच्या दुप्पट जेवतो आणि म्हणतो, रानातली हवाच तशी. हवेचा, चालण्याचा, उशिरा झालेल्या जेवणाचा वाटा त्यात असेलच. पण भूक आणि तृप्ती यांवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे संशोधन झालं ते वाचलं की मला वाटतं, पाहुण्याची भूक बऱ्याच अंशी यजमान घडवतो. त्याने बोलावलेली माणसं, त्याने मांडलेले पदार्थ आणि वाढणारा हात, हे तिन्ही पाहुण्याच्या भुकेचे भाग आहेत.

आधी माणसांचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन द कास्त्रो यांनी १९८० च्या दशकात लोकांना आठवडाभर डायरी लिहायला लावली. काय खाल्लं, किती खाल्लं, सोबत कोण होतं, सगळं त्यात टिपायचं. हिशेब केल्यावर दिसलं की इतरांसोबतचं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं होतं, आणि सोबतची माणसं वाढतील तसं जेवणही वाढत होतं. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा ४२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ओळखीच्या, जवळच्या माणसांत बसलं की खाणं ठळकपणे वाढतं. अनोळखी माणसांत बसलं तर तसा परिणाम दिसत नाही. परक्यासमोर आपण हात आखडता घेतो. येळवशीला नेमकं उलट घडतं. भावकी, सोयरे, जिवाभावाचे मित्र एका घोंगडीवर. गप्पा रंगल्या की पंगत लांबते, आणि पंगत लांबली की खाणं वाढतं. जास्त वेळ ताटावर बसणं हेच या वाढीचं एक मोठं कारण मानलं जातं.

दुसरं कारण पानातल्या विविधतेचं, आणि ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. एक पदार्थ खात गेलं की त्या पदार्थाची गोडी घासागणिक उतरते, पण न खाल्लेल्या पदार्थाची गोडी जवळजवळ जशीच्या तशी राहते. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स आणि एडमंड रोल्स यांनी १९८० च्या सुमारास हे प्रयोगांतून दाखवलं. एकाच सारणाची सँडविचं दिलेल्या लोकांपेक्षा चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं मिळालेल्या लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. पोट तेच, भूक तीच. तृप्ती त्या विशिष्ट चवीपुरती होते, सगळ्या अन्नापुरती नाही. याच एडमंड रोल्स यांनी पुढे इथिओपियातल्या निर्वासितांच्या छावणीत पाहिलं, की सहा महिने तेच ते अन्न मिळणाऱ्यांना त्या अन्नाची चव नव्याने आलेल्यांपेक्षा कमी आवडते. पोटभर मिळत नसलेल्या माणसालाही चवींची विविधता हवी असते, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

आता येळवशीचं पान या नजरेने बघा. आंबील आंबट आणि पातळ, भज्जी तिखट आणि दाट, उंडे खरखरीत, पोळी गोड आणि तुपाळ, खीर मऊ, पात करकरीत. एकाची गोडी उतरेपर्यंत दुसरा समोर येतो. पोळीने तोंड गोड झालं की आंबिलीचा घोट घ्यायचा आणि पुन्हा भज्जीकडे वळायचं. ज्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या हे पान रचलं त्यांना तृप्तीचं हे गणित हाताने ठाऊक होतं.

आणि एवढं सगळं मावतं कसं? रिकामं जठर जेमतेम मुठीएवढं असतं, त्यात ५० ते ७५ मिलिलिटर जागा. घास खाली उतरू लागला की मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून संदेश येतो आणि जठराचा वरचा भाग सैल पडतो. आतला दाब फारसा न वाढता तिथे लिटर-दीड लिटर अन्न बसतं. भरलेल्या जठराच्या भिंतीवरचा ताण आणि आतड्यातून सुटणारी संप्रेरकं मिळून ‘बास’ हा संदेश पोचवतात, पण त्याला सहसा पंधरा-वीस मिनिटं लागतात. ‘पाव्हणं, एवढी एक तरी घ्याच’ हे वाक्य नेमकं त्याच पंधरा मिनिटांत कानावर येतं. पानात जास्त पडलं की माणूस जास्त खातो, हेही अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यात आपल्याकडे पानात टाकायचं नाही हा संस्कार. त्यामुळे वाढणाऱ्याच्या पळीचा आकार पाहुण्याच्या पोटाचं माप ठरवतो.

मात्र येळवशीचं जेवण भरमसाठ असूनही त्याची बांधणी फार चांगली आहे, आणि त्याचं श्रेय भज्जीला आणि आंबिलीला द्यायला हवं.

भज्जी म्हणजे बेसन लावलेली, चिंचेच्या आंबटाची, लसूण-मिरचीची दाट मिसळभाजी. तिच्यात हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, पात आणि रानात जे मिळेल ते. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला अन्नातूनच घ्यावी लागतात. ज्वारी-बाजरीत त्यांतलं लायसिन कमी असतं. हरभरा, तूर, वाल यांत ते भरपूर, पण गंधकयुक्त अमिनो आम्लं त्यांच्यात तोकडी पडतात आणि ती धान्यात मिळतात. उंड्यासोबत भज्जी खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

कडधान्यांचं एक दुखणं सगळ्यांना माहीत आहे, पोटात वायू धरतो. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून वायू करतात. पण वनस्पती या साखरा दाण्यात भरते ती मुख्यतः दाणा पिकून वाळण्याच्या टप्प्यात, कोरडेपणात आतला जीव टिकावा म्हणून. ओल्या, हिरव्या दाण्यात त्या कमी असतात. म्हणून वाळल्या वाटाण्याच्या उसळीपेक्षा ओल्या दाण्यांची भाजी बहुतेकांना सोसते. भज्जीतलं बेसन वाळल्या हरभऱ्याचंच असतं हे खरं, तरी तिचा मोठा भाग त्या दिवसांत वेलीवर-झाडावर जे हिरवं आहे त्याचा असतो.

आंबिलीची रीत घराघराची वेगळी. कुठे ज्वारीचं पीठ आधी भिजवून आंबवतात आणि शिजवून, निववून मग ताक घालतात, तर कुठे ताकातच कालवून मडक्यात ठेवतात. दोन्हीकडे काम करतात ते लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. पिठातली साखर खाऊन ते आम्ल सोडतात, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साडेचारच्या खाली घसरतो आणि रोग करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना तिथे वाढणं अवघड होतं. ज्वारीत लोह आणि जस्त असतं, पण फायटिक आम्ल त्यांना धरून ठेवतं. आंबवताना हे आम्ल काही प्रमाणात फुटतं आणि शरीराला ती खनिजं जास्त मिळू शकतात. ज्वारीतल्या लोह-जस्ताचा विचार आपल्याकडे प्रयोगशाळेतही झाला आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण तयार केलं, ते २०१८ मध्ये आलं. अशा वाणाच्या पिठाला आंबवण्याची जोड मिळाली तर सोन्याहून पिवळं.

जेवल्यावर कोपीच्या सावलीत डोळे मिटू लागतात. रक्त पोटाकडे गेल्याने मेंदूला कमी पडतं, असं सांगितलं जातं, पण मेंदू आपला रक्तपुरवठा जपून ठेवतो. दुपारी शरीराच्या घड्याळात तशीही एक उतरण येते. शिवाय मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या काही पेशी रक्तातली साखर वाढली की मंदावतात, असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

इथे मधुमेहाबद्दल बोलायलाच हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पंगतीत असा कुणीतरी बसलेला असतो आणि बरेचदा तो बोलत नाही. वाढपाचा क्रम त्याच्यासाठी फार कामाचा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस नंतर, असा क्रम ठेवला तेव्हा तासाभरानंतरची रक्तशर्करा उलट्या क्रमापेक्षा ३७ टक्के कमी निघाली. पंगतीत हे अवघड नाही. आधी भज्जी, भरीत, पात वाढा. उंडे-भाकरी मागून येऊ द्या. खीर आणि पोळी शेवटी, लहान वाटीत. आणि उठल्यावर पाहुण्याला रान दाखवायला न्या. चालताना पायाचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. बांधावरून पंधरा-वीस मिनिटांची चक्कर पुरते. आग्रह एकदा करावा, ‘नको’ आलं की पळी मागे घ्यावी. त्याने मानपान कमी होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अजून एका माणसाची भूक राहिली, स्वयंपाक करणारीची. मध्यरात्रीनंतर उठून ती चुलीपुढे बसते. तोच वास तासन्‌तास नाकात राहिला की नाक त्याला सरावतं. शिवाय धूर, उष्णता आणि चव बघण्यासाठी घेतलेले चिमूटभर घास. सगळ्यांचं आटोपल्यावर ‘मला भूकच नाही’ असं ती म्हणते ते अनेकदा खरं असतं, आणि तरीही दिवसभराचे कष्ट तिच्या अंगावर असतात. तिला पहिल्या पंगतीत बसवून पुरुषांनी वाढावं. वाढप शिकायला एक येळवस पुरते.

शेवटचं काम भांड्याचं. आंबील कच्ची वाटते पण आम्लामुळे ती बऱ्यापैकी सुरक्षित असते. धोका असतो तो तासभर रटरटलेल्या भज्जीचा. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरियस हे जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपात उकळीतूनही तगतात. मोठ्या पातेल्याच्या मधोमध भज्जी तासन्‌तास कोमट राहते. साधारण ४५ अंशांच्या आसपास परफ्रिंजेन्सची संख्या दर दहा-बारा मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. चिंचेचा आंबटपणा थोडी मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून पहाटे केलेली भज्जी वाढेपर्यंत चुलीवर वाफाळती ठेवावी. उरलेली पसरट भांड्यांत काढून लवकर निववावी आणि फ्रिजमध्ये टाकावी. पाहुण्याला डबा देताना भज्जी गार झालेली असावी, आणि दुसऱ्या दिवशी तिला नुसती कोमट न करता चांगली उकळी आणायला सांगावं. उन्हात संध्याकाळपर्यंत उघडी राहिलेली भज्जी मात्र डब्यात भरू नये, कारण बॅसिलस सेरियसचं उलट्या करवणारं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही.